जुना व्हीसीआर, डीव्हीडी प्लेअर आणि केबलचा सेट टॉप बॉक्स नव्या टीव्हीला कसे जोडावेत?

चिपळूणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९८६ साली कुवेतहून आणलेला व्हीसीआर आणि नंतर घेतलेला एक डीव्हीडी प्लेअर घरात आहे. जुन्या टीव्हीच्या काळात सगळे काही व्हीसीआरमधून टीव्हीकडे जात असे, म्हणून नव्या एलईडी टीव्हीलाही तशीच जोडणी केली. आता डीव्हीडीचे चित्र काही सेकंद काळवंडते आणि पुन्हा उजळते, व्हीसीआरचे चित्र रंगीत न दिसता कृष्णधवल दिसते, आणि केबलची वायर व्हीसीआरमधून नेल्यापासून सेट टॉप बॉक्सवरचे काही ठरावीक चॅनेल फुटतात. टीव्हीला एचडीएमआयची दोन सॉकेट आणि हेडफोनच्या सॉकेटसारखे दिसणारे एकच बारीक एव्ही सॉकेट आहे. बहिणीच्या लग्नाची आणि आजोबांच्या पंचाहत्तरीची कॅसेट पाहायची आहे, तर जोडणी कशी करावी?

मी १९८८ पासून टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्तीचे काम करतो आणि अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या कामात अशा जोडण्यांचे काम बरेच असते. आपल्या तीन तक्रारींपैकी डीव्हीडीची आणि केबलची तक्रार एकाच कारणाने उद्भवली आहे. ते कारण म्हणजे सगळी उपकरणे व्हीसीआरमधून ओवली गेली आहेत. रंग न येण्याचे कारण वेगळे आहे, ते पुढे सांगतो. तिन्ही उपकरणे चांगली असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे कोणी नवे यंत्र घ्यायला सांगितले तर आधी जोडणी बदलून पाहावी.

सगळे व्हीसीआरमधून नेण्याची पद्धत त्या काळी बरोबरच होती. तेव्हाच्या बहुतेक टीव्हींना बाहेरून सिग्नल घेण्यासाठी अँटेनाचे एकच सॉकेट असे. व्हीसीआरमध्ये मॉड्युलेटर नावाचा एक लहानसा प्रक्षेपक बसवलेला असतो. तो कॅसेटवरचे चित्र आणि आवाज एखाद्या चॅनेलच्या रूपात अँटेनाच्या वायरीवर चढवतो आणि टीव्ही ते दूरदर्शनच्या चॅनेलसारखेच पकडतो. म्हणून अँटेनाची किंवा केबलवाल्याची वायर आधी व्हीसीआरला आणि तिथून टीव्हीला जात असे. केबलचा सिग्नल ॲनालॉग असल्यामुळे व्हीसीआरचा स्वतःचा ट्यूनर त्यातला हवा तो चॅनेल निवडू शके, आणि एक कार्यक्रम पाहत असताना दुसरा कॅसेटवर घेता येई.

ही सोय केबलच्या डिजिटायझेशनबरोबर संपली. मुंबईत त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, पुणे, नागपूर, नाशिक या शहरांत ३१ मार्च २०१३, आणि शेवटच्या टप्प्यातल्या लहान गावांपर्यंत ती ३१ मार्च २०१७ ला पोहोचली. आता केबलच्या वायरीतून येणारा सिग्नल डिजिटल आणि कुलूपबंद असतो, आणि ते कुलूप फक्त सेट टॉप बॉक्स उघडू शकतो. व्हीसीआरच्या ट्यूनरला त्यात काहीही सापडत नाही, तेव्हा केबलची वायर व्हीसीआरमधून नेऊन मिळकत शून्य आणि नुकसान मात्र खरे आहे.

नुकसान कसे होते ते पाहा. व्हीसीआरचा मॉड्युलेटर जर यूएचएफ ३६ या चॅनेलवर लावलेला असेल, जो पुष्कळ यंत्रांत कारखान्यातूनच तसा लावलेला येतो, तर तो ५९१.२५ मेगाहर्ट्झच्या आसपास आपले प्रक्षेपण सोडतो. केबलवाल्याने त्याच जागेत डिजिटल चॅनेलचा एखादा गठ्ठा ठेवलेला असेल, तर तो गठ्ठा व्हीसीआरच्या सिग्नलखाली दबतो आणि त्यातले चॅनेल तेवढे चौकोन चौकोन होऊन फुटतात. बाकीचे स्वच्छ दिसतात. ‘काही ठरावीक चॅनेल’ असे जे आपण लिहिले आहे, त्यावरूनच माझे लक्ष इकडे गेले. खात्री करून घ्यायची असेल तर ते चॅनेल लावून ठेवून व्हीसीआर बंद करावा. चित्र लगेच सुधारले तर दोष मॉड्युलेटरचा आहे. व्हीसीआरचा प्लग बोर्डातून काढल्यावर मात्र सगळेच चॅनेल ढेपाळतील, कारण वायर पुढे नेणारा त्यातला छोटा ॲम्प्लिफायर विजेवर चालतो. दोन्हींवर उपाय एकच: केबलवाल्याची वायर भिंतीतून निघाली की मध्ये कुठेही न थांबता थेट सेट टॉप बॉक्सला जाऊ द्यावी.

डिश लावलेल्या घरांसाठी इथे एक सावधगिरीची सूचना. डिशकडून येणाऱ्या वायरीवर सेट टॉप बॉक्स स्वतः १३ किंवा १८ व्होल्टचा दाब सोडतो, कारण डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज तिथूनच मिळते. ती वायर अडॅप्टर लावून व्हीसीआरच्या किंवा टीव्हीच्या अँटेना सॉकेटमधून कधीही नेऊ नये. तिच्यावरचा सिग्नलही ९५० मेगाहर्ट्झच्या वरचा असतो, तो या यंत्रांच्या उपयोगाचा नसतो.

आता डीव्हीडीचे चित्र उजळ-मंद का होते ते सांगतो, कारण या दोषापायी मी अनेक चांगले प्लेअर भंगारात गेलेले पाहिले आहेत. विकत मिळणाऱ्या बऱ्याच चित्रपटांच्या डीव्हीडीवर मॅक्रोव्हिजन नावाची नक्कल-प्रतिबंधक योजना असते. डीव्हीडी प्लेअर आपल्या ॲनालॉग सिग्नलमध्ये, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत, काही खोटे प्रखर स्पंद मिसळतो. टीव्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. व्हीसीआर मात्र आत येणाऱ्या सिग्नलची पातळी आपोआप सांभाळत असतो. ते स्पंद पाहून चित्र फार उजळ आहे असे त्याला वाटते आणि तो सगळेच चित्र दाबून टाकतो. स्पंद कमीजास्त होत राहतात, म्हणून चित्र काळवंडते, उजळते आणि पुन्हा काळवंडते. रेकॉर्डिंग चालू नसतानाही हे होते, कारण सिग्नल व्हीसीआरच्या त्याच भागातून पुढे टीव्हीकडे जातो. प्लेअर, डीव्हीडी आणि व्हीसीआर तिन्ही निर्दोष असतात. डीव्हीडी प्लेअर थेट टीव्हीला लावला की दोष त्याच क्षणी नाहीसा होतो.

तेव्हा योजना अशी करावी की प्रत्येक उपकरणाला टीव्हीपर्यंत जाणारी स्वतःची स्वतंत्र वाट मिळेल. सेट टॉप बॉक्स एचडीएमआयच्या पहिल्या सॉकेटला लावावा. डीव्हीडी प्लेअरला मागे एचडीएमआय असेल तर तो दुसऱ्या सॉकेटला जाईल आणि बारीक एव्ही सॉकेट एकट्या व्हीसीआरसाठी मोकळे राहील. ही सर्वांत चांगली मांडणी होय. प्लेअरला एचडीएमआय नसेल आणि पिवळी, पांढरी, लाल अशी तीनच सॉकेट असतील, तर बाजारात बटणांचा एव्ही सिलेक्टर मिळतो, तो घ्यावा. त्याच्या एका इनपुटला व्हीसीआर, दुसऱ्याला डीव्हीडी आणि आउटपुटला टीव्ही जोडला की बटण दाबून हवे ते यंत्र निवडता येते. त्यात कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स नसते, फक्त स्विच असतात, त्यामुळे चित्राचे नुकसानही होत नाही. एक यंत्र दुसऱ्यातून नेण्याची गरज अशा घरात उरत नाही.

जोडायला बसण्याआधी मात्र टीव्ही, व्हीसीआर, डीव्हीडी आणि सेट टॉप बॉक्स या चारही उपकरणांचे प्लग बोर्डातून बाहेर काढावेत. रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. ही सूचना मी आग्रहाने करतो. यातली बहुतेक उपकरणे दोन पिनांच्या प्लगची, म्हणजे अर्थिंग नसलेली असतात. त्यांच्या आतल्या पॉवर सप्लायमधून अगदी थोडी वीज बाहेरच्या धातूच्या भागावर झिरपते. टेस्टर लावला तर तो मंद पेटतो आणि उघड्या पायांनी पिनेला हात लावला तर झिणझिण्या येतात. केबलवाल्याच्या वायरीची बाहेरची जाळीही गल्लीतल्या ॲम्प्लिफायरपासून स्वतःचा दाब घेऊन येते. माणसाला यातून सहसा धोका होत नाही, यंत्राला मात्र होतो, कारण एव्हीच्या पिनेची रचनाच अशी आहे की बाहेरची अर्थची कडी टेकण्याआधी मधली सिग्नलची पिन टेकते. दोन उपकरणांच्या दाबातला सगळा फरक त्या क्षणी नाजूक सर्किटमधून वाहतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या घरी मी घाईने चालू टीव्हीला चालू व्हीसीआरची पिन लावली, बारीक ठिणगी उडाली आणि टीव्हीचे व्हिडिओ इनपुट कायमचे गेले. तो आयसी, म्हणजे आतली चिप, मी माझ्या खर्चाने बदलून दिला. तेव्हापासून प्लग बाहेर काढल्याशिवाय मी मागच्या बाजूला हात घालत नाही. एचडीएमआयच्या बाबतीत तर ही काळजी आणखी महत्त्वाची, कारण ते सॉकेट जळले की अनेकदा मुख्य बोर्डच बदलावा लागतो.

प्लग पुन्हा लावताना सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावेत. जोडणीनंतर चित्रावर एक-दोन जाड आडवे पट्टे सावकाश सरकताना दिसले किंवा आवाजात सतत घरघर ऐकू आली, तर केबलवाल्याची वायर सेट टॉप बॉक्समधून क्षणभर काढून पाहावी. वायर काढताच पट्टे गेले तर दाबाचा फरक त्या वायरीतून येत आहे. केबलवाल्याला सांगून अर्थिंग तपासून घ्यावे किंवा वायरीत आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन हा दाब अडवणारा जोड, बसवून घ्यावा.

आता त्या बारीक सॉकेटकडे वळू, कारण माझ्या अनुभवात लोक सर्वांत जास्त इथेच अडतात. ३.५ मिलिमीटरच्या या सॉकेटला लागणाऱ्या पिनेकडे जवळून पाहिले तर तिच्यावर तीन काळ्या रेघा आणि त्यांनी विभागलेले धातूचे चार भाग दिसतील. डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि अर्थ असे चार मार्ग त्या चार भागांवर असतात. हेडफोनच्या साध्या पिनेवर दोनच रेघा असतात. ती इथे चालत नाही. अडचण अशी की चार मार्गांचा क्रम सर्व कंपन्यांनी सारखा ठेवलेला नाही. एका क्रमात टोकापासून डावा आवाज, उजवा आवाज, अर्थ आणि सर्वांत आत चित्र असते. दुसऱ्यात डावा आवाज, चित्र, अर्थ आणि उजवा आवाज असतो. म्हणून जुन्या कॅमेऱ्याची किंवा सेट टॉप बॉक्सची दिसायला हुबेहूब असलेली वायर टीव्हीला लावली की पडद्यावर काही येत नाही आणि स्पीकरमधून मोठी खरखर येते. ती खरखर म्हणजे आवाजाच्या वाटेने शिरलेले चित्र असते.

टीव्हीच्या खोक्यात या कामाची लहान वायर बऱ्याचदा दिलेली असते, आधी ती शोधावी. सापडली नाही आणि बाजारातली वायर लावल्यावर वर सांगितलेली लक्षणे दिसली, तर वायर टाकून देण्यापूर्वी पिवळी आणि लाल पिन एकमेकींच्या जागी लावून पाहाव्यात. वर दिलेल्या दोन्ही क्रमांत अर्थ एकाच ठिकाणी आहे, त्यामुळे या अदलाबदलीने चित्र आणि आवाज दोन्ही जागेवर येतात. अर्थचीच जागा वेगळी असेल तर अशा अदलाबदलीचा उपयोग होत नाही, तेव्हा टीव्हीच्या मॉडेल क्रमांकाने योग्य वायर मागवावी.

व्हीसीआरच्या मागे सॉकेटचे दोन गट असतात, एकावर ‘इन’ आणि दुसऱ्यावर ‘आउट’ असे लिहिलेले असते. टीव्हीकडे जाणारी वायर ‘आउट’ला लागते. हे सांगायची गरज वाटू नये, पण कपाटाच्या मागे अंधारात हात घालून जोडणी केली की चूक होतेच. विजेरी घेऊन वाचावे. १९८६ च्या बहुतेक यंत्रांत आवाज मोनो असतो आणि त्यासाठी एकच सॉकेट असते. ते पांढऱ्या पिनेला जोडावे. आवाज एकाच स्पीकरमधून आला तर एकाचे दोन करणारा लहान जोड मिळतो, तो वापरून लाल पिनेलाही तोच आवाज द्यावा.

हे सर्व झाल्यावर टीव्हीच्या रिमोटवरचे सोर्स बटण दाबून ‘एव्ही’ निवडावे. चित्र येईल, पण आपली रंगाची तक्रार तशीच राहण्याचा संभव आहे, म्हणून तिची कारणे क्रमाने पाहू. आखातात विकले जाणारे व्हीसीआर अनेक पद्धतींवर चालणारे असत, कारण त्या भागात रंगीत चित्राच्या पाल आणि सेकॅम या दोन्ही पद्धती वापरात होत्या आणि एनटीएससी या अमेरिकी पद्धतीच्या कॅसेटही फिरत असत. अशा यंत्राच्या पुढे झाकणाखाली किंवा मागे एक लहान सरकता स्विच असतो, त्यावर पाल, मेसेकॅम, एनटीएससी अशी नावे असतात. मेसेकॅम हे सेकॅम पद्धतीचे पश्चिम आशियासाठी केलेले रूप आहे. स्विच तिथे राहिला असेल तर आपल्याकडची पाल पद्धतीची कॅसेट चालते, आवाजही नीट येतो, पण रंग येत नाहीत. नेमके हेच आपल्याकडे घडत असावे असा माझा अंदाज आहे, कारण वर्षानुवर्षे पुसताना आणि हलवताना हे स्विच सरकतात. तो पालवर आणावा. त्याच वेळी मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याचा स्विच असल्यास तोही पाहावा. तो ११० वर असेल तर आपल्या विजेवर यंत्र जळेल, म्हणून हे प्लग लावण्याआधीच तपासायचे आहे.

स्विच बरोबर असूनही रंग आले नाहीत तर टीव्हीच्या चित्राच्या मेनूमध्ये कलर सिस्टिम ‘ऑटो’ आहे की नाही ते पाहावे. तिसरे कारण आपल्या टीव्हीला लागू नाही, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. काही टीव्हींना मागे हिरवे, निळे, लाल अशी कंपोनंटची सॉकेट असतात आणि पिवळ्या पिनेसाठी त्यातले हिरवे सॉकेटच वापरायचे असते. अशा वेळी सोर्समध्ये ‘एव्ही’ऐवजी ‘कंपोनंट’ निवडले गेले तर टीव्ही फक्त उजेड-अंधार वाचतो आणि चित्र कृष्णधवल दिसते. त्या टीव्हींवर लाल सॉकेट दोन असतात, एक चित्राचे आणि एक आवाजाचे, हेही ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पूर्वी पाठवलेली एखादी कॅसेट घरात असेल तर ती एनटीएससीची असते. आपल्या पालमध्ये ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे असतात, तिच्यात ५२५ ओळी आणि सुमारे ३० चित्रे. केवळ पालच्या व्हीसीआरवर ती मंदावलेल्या, जाड आवाजात आणि फाटलेल्या चित्रात चालते. आपला आखाती व्हीसीआर स्विच एनटीएससीवर नेल्यास ती दाखवू शकेल, आणि म्हणूनच असे यंत्र आज मोलाचे आहे. जपानच्या फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. ती ही यंत्रे बनवणारी शेवटची कंपनी होती. नवे यंत्र आता मिळणार नाही.

डीव्हीडी प्लेअर एव्हीने जोडल्यावर आवाज येतो पण चित्र वेडेवाकडे, गुलाबी-हिरवे किंवा मुळीच येत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. बहुधा रिमोटवरचे ‘व्ही-मोड’, ‘पी-स्कॅन’ किंवा ‘व्हिडिओ आउट’ यांपैकी एखादे बटण चुकून दाबले गेलेले असते आणि प्लेअर आपले चित्र कंपोनंटच्या वाटेने पाठवत असतो. डिस्क बाहेर काढून तेच बटण थोड्या थोड्या वेळाने एकेकदा दाबत गेल्यास चित्र परत येते. प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा आकार १६:९ निवडावा. कॅसेट आणि व्हीसीडी ४:३ आकाराच्या असतात, त्या पाहताना टीव्हीचा आकार ४:३ करावा. माणसे रुंद दिसणे थांबते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्याव्यात.

कॅसेटचे चित्र मोठ्या पडद्यावर भुरकट दिसेल, त्याने निराश होऊ नये. व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील मावतो. २१ इंची टीव्हीवर तो पुरेसा वाटत असे, ४३ इंचांवर त्याची ताणाताण दिसते. चित्राच्या तळाशी थरथरणारी एक पट्टी दिसते, तीही दोष नव्हे. व्हीसीआरमधल्या फिरत्या ड्रमवर टेप वाचणारी हेड असतात; त्यातले एक संपून दुसरे सुरू होते ती ही जागा आहे, आणि जुने टीव्ही कडा झाकत असल्यामुळे ती पूर्वी दिसत नव्हती. शार्पनेस कमी केल्यास चित्र डोळ्यांना बरे वाटते. कॅसेट थांबवली किंवा पळवली की काही एलईडी टीव्ही ‘सिग्नल नाही’ असे दाखवून निळे होतात, कारण टेपवरच्या सिग्नलची लय त्या वेळी डळमळते आणि डिजिटल टीव्हीला ती सहन होत नाही. पुन्हा प्ले केल्यावर चित्र येत असेल तर काळजी नको.

ज्यांच्या टीव्हीला एव्हीची कोणतीच सोय नाही, त्यांना एव्हीचे एचडीएमआय करणारी डबी लागते. उलट दिशेची, म्हणजे एचडीएमआयचे एव्ही करणारी डबी दिसायला अगदी तशीच असते आणि लोक हटकून चुकीची आणतात. झाकणावर लिहिलेली दिशा वाचूनच घ्यावी, आणि तिला यूएसबीमधून ५ व्होल्टची वीज द्यायला विसरू नये. एखाद्या व्हीसीआरचे एव्ही आउटपुट खराब असेल तर मात्र अँटेनाच्या सॉकेटची जुनी वाट अजून उपयोगी पडते: कॅसेट चालू ठेवून टीव्हीवर ॲनालॉग मॅन्युअल सर्च करावा आणि मुंग्यांमधून चित्र उगवले की तो चॅनेल साठवावा. इंग्लंडहून आणलेल्या यंत्रावर असे चित्र येते पण आवाजाऐवजी खरखर येते, कारण तिथे आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर ठेवतात आणि आपल्याकडे ५.५ वर. टीव्हीच्या साउंड सिस्टिमच्या मेनूत ‘आय’ निवडल्यास तो मिळतो.

आता कॅसेटविषयी, कारण आपल्याला शेवटी त्याच पाहायच्या आहेत. जोडणी जमली म्हणून लगेच लग्नाची कॅसेट यंत्रात घालू नका. आधी ती उजेडात धरून तिच्या काचेच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे पाहावे. निरोगी टेपची गुंडाळी एकसारखी काळी आणि चकचकीत दिसते. तिच्यावर पिठाची चिमूट विखुरल्यासारखे पांढुरके ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी तंतूंची नक्षी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या कॅसेटवर मी ती इतक्या वेळा पाहिली आहे की पावसाळ्यानंतर येणारी प्रत्येक कॅसेट मी आधी खिडकीशी नेतो. बुरशीची कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेड भरतात, चित्र जाते आणि पुढे त्या यंत्रात जाणाऱ्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला बुरशीचा संसर्ग होतो. अशी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात काही दिवस ठेवून कोरडी करावी आणि सफाईसाठी जाणकाराकडेच द्यावी.

कॅसेटच्या कण्यावर, म्हणजे लेबलाच्या बाजूला, डावीकडे एक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा असतो. तो शाबूत असेल तर स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकावा. तो नसला की व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करण्यास नकार देतो आणि चुकून बटण दाबले गेले तरी लग्न पुसले जात नाही.

बरीच वर्षे न चाललेल्या यंत्राचे रबरी पट्टे आणि रोलर कडक झालेले असतात, आणि असे यंत्र कॅसेट खाते. म्हणून प्रथम एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून प्ले, पुढे, मागे आणि बाहेर काढणे या चारही क्रिया दोन-तीनदा करून पाहाव्यात. टेप नीट परत येत असेल तरच महत्त्वाची कॅसेट लावावी. चित्रात मुंग्या दिसल्या तर व्हीसीआरवरचे ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघेवर नीट आणणारे बटण, फिरवून पाहावे. त्याने फरक पडला नाही तर हेड साफ करावे लागेल. प्लग काढून, वरचे झाकण उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेला धागे न सुटणारा कागद चकचकीत ड्रमच्या बाजूला बोटाने हलका टेकवावा, बोट स्थिर ठेवावे आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवावा. कागद वरखाली कधीही घासू नये. ड्रमच्या कडेला असलेली हेडची टोके केसासारखी बारीक आणि ठिसूळ असतात, उभ्या घासण्याने ती तुटतात आणि मग त्यावर इलाज नाही. कापूस वापरू नये, त्याचे तंतू टोकांत अडकतात. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घालावी.

कॅसेट चालू लागली की तिची प्रत त्याच बैठकीत करावी, असे माझे कळकळीचे मत आहे, कारण तीस-पस्तीस वर्षांची टेप पुढच्या वेळी तशीच चालेल याची हमी मी देऊ शकत नाही. व्हीसीआरच्या ‘आउट’मधून टीव्हीकडे जाणारी वायर यूएसबी कॅप्चरच्या, म्हणजे चित्र संगणकात उतरवणाऱ्या, यंत्राला लावून ते संगणकाला जोडावे. पद्धत पाल, आकार ७२० × ५७६ आणि चित्रे २५ ठेवावीत. सेकंदाला ६ मेगाबिट या दराने तासाला सुमारे २.७ जीबी जागा लागते, म्हणजे ई-१८० ची तीन तासांची पूर्ण कॅसेट ८ जीबीच्या थोडी वर जाते. त्या वेळेत संगणकावर दुसरे काम करू नये. नाहीतर चित्रे गळतात आणि आवाज पुढे-मागे होतो.

दोन्ही कॅसेटपैकी पंचाहत्तरीची आधी घ्यावी. लग्नाची प्रत बहीण, सासरची मंडळी किंवा त्या वेळचा व्हिडिओवाला अशा कोणाकडे तरी असू शकते, आजोबांच्या समारंभाची बहुधा ही एकच असेल. प्रत झाल्यावर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाजासह पाहावी, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि मूळ कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून पुस्तकासारखी उभी ठेवावी.